पहिल्या पंगतीचे पान

आपल्याकडे माणसाची किंमत कळायची असेल तर त्याला कितव्या पंगतीला बसवतात ते पाहावे. व्याही, जावई आणि वडीलधारे पहिल्या पंगतीला, ओळखीपाळखीचे दुसऱ्या पंगतीला, आणि वाढपी दमले, भात गार झाला, जिलब्यांच्या परातीचा तळ दिसू लागला की मग घरच्या बायका. केळीची पाने जाऊन बुफेची ताटे हातात आली त्याला पुष्कळ वर्षे झाली. पण मनातल्या पंगती काही उठलेल्या नाहीत. त्या कुठेही जाऊन बसतात. अलास्काच्या समुद्रात, अडीच-तीन हजार उतारूंच्या एका बोटीवरसुद्धा मला त्या भेटल्या. आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा, मी पहिल्या पंगतीला जाऊन बसले. त्याचीच ही हकिगत.

आमचा मुलगा सिॲटलला असतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो होतो. आई-बाबा नुसते घरात बसून कंटाळतील म्हणून त्याने आमची अलास्काची सात रात्रींची बोटीची सफर ठरवली. स्वतः मात्र, 'रजा नाही,' म्हणून धक्क्यावर सोडून परत गेला. सिॲटलहून निघायचे, केचिकन, जुनो, ग्लेशियर बे करत उत्तरेला जायचे आणि येताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला एक संध्याकाळ थांबून परत सिॲटल, असा मार्ग. व्हिक्टोरियाला काही पाहण्यापुरता वेळ मिळत नाही, मग थांबतात कशाला, असे मला वाटले होते. तर त्याचेही कारण आहे. परदेशात नोंदलेल्या बोटीने अमेरिकेतल्या बंदरातून उतारू घेऊन निघायचे आणि परदेशी बंदर न गाठता परत यायचे, याला अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्याने बंदी आहे. म्हणून मध्ये व्हिक्टोरियाचे पाणी लावून घ्यायचे! श्रावणी सोमवार मोडू नये म्हणून साबुदाण्याचा एक दाणा तोंडात टाकावा, तसलाच हा प्रकार.

बोटीवर खाण्याची चंगळ किती, हे सांगायला बसले तर सारा अंक पुरायचा नाही. एक अख्खा मजला बुफेचा. तिथे पहाटेपासून उशिरापर्यंत कुणी ना कुणी खातच असते. खाली दोन मोठी भोजनगृहे. तिथे टेबलावर बसून, वाढप्यांच्या हातून, रीतसर जेवायचे. याचे पैसे तिकिटातच असतात. त्याशिवाय वेगळे पैसे भरून जेवायची दोन-तीन हॉटेले. तिथेही जागा आधी राखावी लागते. अशा तीन पंगती तर उघड दिसत होत्या. चौथी असते, हे आम्हाला पहिल्या रात्री कळले.

आमच्या टेबलावर ओरेगॉनहून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि बोटीची ही त्यांची चौदावी सफर. सूप पिता पिता त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "शेफ्स टेबलसाठी फोन केलात का?" मी म्हटले, "ते काय असतं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिले, जणू गुप्तधनाची जागाच सांगताहेत, आणि सगळे समजावून दिले. बोटीच्या मुख्य आचाऱ्याचे ते टेबल. साऱ्या सफरीत एखाद-दुसऱ्या रात्रीच मांडतात. जागा जेमतेम बारा. आधी भटारखान्यात नेतात, तिथे उभ्याउभ्या पहिले पदार्थ देतात, मग भोजनगृहाच्या मधोमध मांडलेल्या टेबलावर त्या दिवशी आचाऱ्याच्या मनात येईल ते खिलवतात. या बोटीच्या छापील यादीत ते नव्हते, मोबाईलच्या ॲपवरही नव्हते. ज्याला ठाऊक, त्यानेच विचारायचे. "आणि विचारायचं," त्या म्हणाल्या, "ते बोटीवर पाय ठेवल्याबरोबर. तुम्हाला सहा तास उशीर झालाय."

हे असे चोरटे, मानाचे टेबल बोटीवर आले कुठून? बोटीवर मानाची पंगत जुनीच आहे. अटलांटिकवरच्या मोठ्या आगबोटींवर कप्तानाच्या टेबलाशी कुणाला बसवतात, यावर उतारूंची पत ठरत असे. पण ते निमंत्रणावर. पैसे मोजून वेगळे जेवण मिळवायची सोय १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर झाली. तिच्यावर रिट्झच्या नावाचे भोजनगृह निघाले आणि त्याची आखणी एस्कॉफिए या नामांकित फ्रेंच आचाऱ्याने केली होती. १९१२ साली 'टायटॅनिक'वरही असे हॉटेल होते, पहिल्या वर्गाच्या उतारूंपुरते. तिथली साठाहून अधिक नोकरमाणसे बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होती. त्यांतली फक्त तिघे वाचली. पुढे १९३६ साली 'क्वीन मेरी' निघाली, तिच्या मागच्या टोकाला 'व्हरांडा ग्रिल' होते. पहिल्या वर्गाचे तिकीट काढूनही तिथे जेवायचे तर वर पैसे भरायचे आणि जागा आधी राखायची. म्हणजे उतारू बदलले, बोटी बदलल्या. पहिल्या पंगतीची हौस तीच.

खोलीत आल्याबरोबर मी फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "बारा जागा भरल्या आहेत. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत आपला क्रमांक सातवा. दोन जागा ना? आहारात काही वर्ज्य?"

इथे घोडे अडले. आमचे हे सोळा आणे शाकाहारी. अंडेसुद्धा पुसून घेतलेल्या ताटात नको. मी तसे सांगितले. आवाज तितकाच गोड राहिला, पण म्हणाला, "क्षमा करा. त्या रात्रीचे पदार्थ शेफ ठरवतात. त्यांत बदल होत नाही."

मी फोन ठेवला. यांनी पुस्तकातून डोके वर काढले. "नाही ना म्हणाले? मग तू एकटी जा."

"एकटी?"

"अगं, मी काय करू तिथे? ते आठ पदार्थ वाढणार, मी आठ वेळा नाही म्हणणार. तुझाही घास गोड लागायचा नाही."

हे वाक्य यांनी अगदी सहज उच्चारले. पण मला ते लागले, कारण त्यामागे अडतीस वर्षे होती. माझे माहेर वेंगुर्ल्याचे. आमच्याकडे मासळीवाचून पान हलत नसे. सकाळी होडी लागली की वडील स्वतः बंदरावर जात, आणि बांगडा ताजा की कालचा, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळू लागले. सासर पुण्याचे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी जवळ बसवून सांगितले, "आपल्याकडे चालत नाही हो." त्यापुढे त्यांनी जन्मात वाकडा शब्द काढला नाही, आणि मीही विषय काढला नाही. माहेरी गेले की खायचे, पुण्याला आले की विसरायचे. आई गेली, मग भावाने घर विकले, आणि ते खाणेही गेले. हॉटेलात कधी मागवले तर हे समोर बसून खिडकीबाहेर बघत. रागाने नव्हे, त्यांना तो वासच सोसत नाही. पण असे कुणी खिडकीबाहेर बघत असले की काटे काढत खायला मन होत नाही. कुणी मला बंदी केली नव्हती. म्हणूनच तर तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न होता.

मी पुन्हा फोन केला आणि दोनाची एक जागा करून घेतली. गोमांस खात नाही, एवढे मात्र सांगून ठेवले.

आता यादीत सातवा क्रमांक म्हणजे काय, ते रेल्वेच्या आरक्षणाला उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ओरेगॉनच्या बाईंनी मंत्र दिला: फोनवर विसंबू नका, रोज एकदा तोंड दाखवा. म्हणून मी रोज सकाळी न्याहारीनंतर भोजनगृहाच्या दाराशी जाऊन मुख्य वाढप्याला 'गुड मॉर्निंग' करू लागले. चतुर्थीला गणपतीला जावे तशी. काही मागायचे नाही, नुसते दर्शन. तिसऱ्या दिवशी तोच मला हसून म्हणू लागला, "मॅडम, अजून पाच जण आहेत." मग चार झाले.

तिसऱ्या दिवशी केचिकन लागले. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. मला तर उतरल्याबरोबर कोकणात आल्यासारखे वाटले. तसाच ओला वास, तशीच लाकडी घरे आणि तसेच छत्रीवाचून निर्धास्त हिंडणारे लोक. एके काळी इथे सामन मासा डब्यात भरण्याचे कारखाने जोरात चालत, आणि अजूनही गाव स्वतःला जगाची सामनची राजधानी म्हणवते. गावातून एक ओढा वाहतो. त्याच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर पाण्यात शेकडो सामन प्रवाहाच्या उलट तोंड करून धडपडत होते. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायची वेळ आली की ज्या ओढ्यात जन्मला तोच शोधत परत येतो. मी यांना म्हटले, "बघा, बाळंतपणाला माहेरी निघाल्यात." हे हसले. पण पुढचे सांगायला मला जड गेले. एकदा अंडी घातली की पॅसिफिकमधला हा सामन परत समुद्रात जात नाही, तिथेच मरतो. अलास्कात मिळतो तो सामन असा स्वतःच्या बळावर समुद्र पाहून आलेला असतो. मत्स्यशेती तिथे १९९० सालापासून कायद्याने बंद आहे.

चौथ्या दिवशी जुनो. अलास्काची ही राजधानी, पण बाहेरून तिथे जायला मोटारीचा रस्ताच नाही. एक तर बोटीने या किंवा विमानाने. पाचव्या दिवशी ग्लेशियर बे. तिथे एका दिवसात दोनच मोठ्या पर्यटक बोटींना आत सोडतात. निसर्गानेही आपल्या पंगतीची पाने मोजून मांडलेली पाहून मला बरे वाटले. राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक एका लहान होडीतून येऊन आमच्या बोटीवर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगू लागले. १७९४-९५च्या सुमारास कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे इथवर आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ सगळा बर्फाने भरलेला होता. १८७९ साली जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटले होते. आज बोट आत साठ-पासष्ट मैल जाते, तेव्हा कुठे मार्जरी हिमनदीची भिंत समोर येते. मैलभर रुंद, निळसर, मधूनच तोफेसारखा आवाज करणारी.

सगळे उतारू कठड्याला चिकटून उभे होते. कुणी बोलत नव्हते. एवढ्यात यांच्या हातातला मोबाईल थरथरला. बोटीचा निरोप होता: एका बाईंची प्रकृती बरी नाही, त्यांची जागा मोकळी झाली आहे, उद्या संध्याकाळी, एकच, अर्ध्या तासात कळवावे.

मी वाचले आणि बर्फाकडे बघत राहिले. इतके दिवस ज्यासाठी दारात उभी राहिले ते हातात आले, आणि माझे मन भलतेच बोलू लागले. माणशी सव्वाशे डॉलर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर. एका जेवणाला? एवढ्यात आमच्या स्वयंपाकाच्या बाईंचे दोन महिने निघतात. आणि हे एकटे जेवणार. आणि मुलगा काय म्हणेल. एका बाईच्या मनात नाही म्हणायला किती कारणे तयार असतात, हे मोजायला ती हिमनदीच साक्षी हवी.

मी वळून पाहिले तर यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि एक बोट पडद्यावर टेकवले होते. "झालं," हे म्हणाले. "'हो' म्हणून कळवलं. आता तू तो बर्फ बघ, पडतोय."

सहाव्या दिवशी बोट दिवसभर समुद्रातच होती. संध्याकाळी मी निळी नारायणपेठी नेसले. ठरल्या ठिकाणी बारा जण जमलो. आधी एक कागद भरून दिला: गेल्या दोन दिवसांत पोट बिघडले होते का, उलटी झाली होती का. बोटीवर पोटाची साथ एकदा शिरली की वणव्यासारखी पसरते, म्हणून ही काळजी. मग कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठ्या आणि घड्याळे काढायची. शेवटी प्रत्येकाला एक पांढरा कोट. साडीचा पदर कोटात खोचून उभी राहिले तेव्हा मी दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखी दिसत असणार. पण मला आठवल्या त्या सासूबाई. हातपाय धुऊन, सोवळे नेसल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू न देणाऱ्या. त्यांना हा भटारखाना मनापासून पसंत पडला असता.

आत पाऊल टाकले आणि मी सव्वाशे डॉलर विसरले. चाळीस वर्षे ज्या कामात घालवली, त्याचा एवढा मोठा कारखाना मी कधी पाहिला नव्हता. लांबच लांब पोलादी ओटे, आरशासारखे. कुठेही जाळ नाही. आगीचे भय म्हणून बोटीच्या या शेगड्या सगळ्या विजेच्या. शेगड्यांना कडेने आडवे गज, बोट डुलली तरी पातेले घसरू नये म्हणून. कापायच्या पाटांचे रंग वेगळे: मासळीचा निराळा, मांसाचा निराळा, भाजीचा निराळा. म्हणजे इथेही शिवाशिव आहेच, फक्त तिला शास्त्राचा आधार आहे. पाव भाजणारे आचारी रात्रपाळीला असतात. बहुतेक सगळा शिधा सिॲटलला भरून घेतलेला. मध्येच काही संपले तर शेजारणीकडे वाटी घेऊन जायची सोय नाही. मी मुख्य आचाऱ्याला विचारले, "उरलेल्या भाताचं काय करता?" आमच्यातले बाकीचे शॅम्पेनचे पेले धरून हसले, पण तो नाही हसला. म्हणाला, "मॅडम, खरा प्रश्न तोच आहे. उरू न देणं हीच माझी नोकरी."

उभ्याउभ्या खायला खेकड्याचा एक नाजूक पदार्थ आला. तो बशीत मांडून देणारा माणूस पन्नाशीचा, सावळा, डोळ्यांत ओळखीचे काहीतरी. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देशाचे नाव असते. त्यावर 'इंडिया' होते. मी एकदम मालवणीतच विचारले, "तुमी खयचे ओ?"

त्याचा हात जागच्या जागी थांबला. "हांव साश्टेचो," तो म्हणाला. "आनी तुमी?"

"वेंगुर्ल्याची."

"म्हळ्यार शेजारीच!" आणि तो असा हसला की मुख्य आचाऱ्याने वळून पाहिले.

दोन-चार मिनिटेच बोलणे झाले. आजोबा इंग्रजी कंपनीच्या आगबोटीवर भटारखान्यात होते, वडील आखातात, आणि हा इथे. करार आठ-नऊ महिन्यांचा, मग दोन महिने घर. धाकटीची दहावी, म्हणून यंदा नाताळला तरी पोचायचे आहे. आजोबा मुंबईला आले की धोबीतलावच्या गावकऱ्यांच्या कुडीत उतरत, असे तो म्हणाला. हे मी लहानपणापासून ऐकलेले होते. गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. बोट लागेपर्यंत खलाशांनी तिथे पेटी ठेवून राहायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची. गोव्याची माणसे भटारखान्यात आणि वाढपाला, रत्नागिरीकडची माणसे डेकवर, असे त्या जुन्या आगबोटींचे वाटपच असे. सारंग, टंडेल, भंडारी ही नावे त्या बोटींवर रुळलेली होती. एवढी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे या पंगती वाढत आली; आणि आम्ही मात्र बोटीचे जेवण म्हणजे साहेबी थाट समजत होतो.

निघता निघता मी विचारले, "तुम्ही स्वतः काय जेवता?"

"शीत-कडी," तो म्हणाला. "खाली आमच्या मेसमध्ये. आज नुस्त्याची आहे."

मग आम्हाला बाहेर नेऊन टेबलावर बसवले. सारे भोजनगृह वळून बघत होते. खरे सांगते, ते बघणे काही वाईट लागले नाही. एकामागून एक पदार्थ येऊ लागले. प्रत्येक वेळी मुख्य आचारी स्वतः उभा राहून काय, कसे ते सांगे. सामन आला. बाहेरून नुसता शेकलेला, आत गुलाबी, लोण्यासारखा. वर मीठ आणि लिंबाखेरीज फारसे काही नाही. मी पहिला घास घेतला आणि समोर कुणी खिडकीबाहेर बघत नव्हते. केचिकनच्या ओढ्यातले ते मासे आठवले. पण मासळी खाणाऱ्याने मासळीचे उपकार मानावेत आणि खावी, असे माझे वडील म्हणत. तसे मी केले.

नंतर गोमांसाचा मोठा पदार्थ होता. माझ्यासमोरची जागा रिकामी राहणार, हे मी धरूनच चालले होते. सगळ्यांना वाढून झाले, आणि मुख्य आचाऱ्याने माझ्यापुढे एक लहानशी पांढरी वाटी ठेवली, शेजारी मूठभर भात. "हे माझ्या यादीतलं नाही," तो म्हणाला. "खाली माझी माणसं जेवतात ते आहे. माझा एक स्वयंपाकी म्हणतो, हे तुम्हाला कळेल."

नारळाचा लालसर रस, त्यात माशाचे दोन तुकडे. आंबटपणा चिंचेचा होता, आमच्याकडचा सोलांचा नव्हे. मिरची गोव्याची की कुठली कोण जाणे. पण भातावर ओतली आणि मला बोलता येईना. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "चवीला घेऊ का?" मी वाटी पुढे केली. ती टेबलभर फिरली, आणि परत आली तेव्हा तिला पुसायलाही काही उरले नव्हते. सव्वाशे डॉलरच्या त्या पंगतीत सर्वांत आधी संपले ते शेवटच्या पंगतीचे जेवण.

'पदार्थांत बदल होत नाही,' असे मला फोनवर सांगितले होते. नियम फोनवर असतात. भटारखान्यात माणसे असतात.

खोलीवर परतायला साडेदहा झाले. हे जागेच होते. वरणभातासारखे काहीतरी वाढप्याने यांना करून आणले होते. ते छान होते म्हणाले. मी कानातले काढत होते, आणि मागून यांचा आवाज आला.

"मासा कसा होता?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगत सुटले. सामनचे, वाटीतल्या कढीचे, मग बंदरावरचे, वडिलांचे, बांगड्याचे डोळे कसे बघायचे त्याचे. हे ऐकत होते. खिडकीबाहेर बघत नव्हते. तसा बाहेर अंधारच होता म्हणा.

कुणी वाचक अशा सफरीला निघणार असतील, तर माझे चार शब्द ध्यानात ठेवा. बोटीवर चढल्याबरोबर, सामान येण्याआधी, शेफ्स टेबलची चौकशी करा. यादीत सापडले नाही तरी तोंडाने विचारा. पथ्य असेल ते पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा, आणि शाकाहारी असाल तर सफर ठरवतानाच लिहून कळवा. काही बोटींवर सोय होते, काहींवर नाही. वाट पाहणाऱ्यांच्या यादीला भिऊ नका. ऐनवेळी माणसे गळतात. जेवणाची रात्र बहुधा बोट दिवसभर समुद्रात असते त्या दिवशीची असते, तेव्हा दुपारी बुफेकडे फिरकू नका. आणि भटारखान्यात गेलात की पेल्यापेक्षा माणसांकडे बघा. छातीवरच्या पट्टीवर गाव नसते, देश असतो. गाव आपण विचारायचे असते.

पुण्याला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आमच्या मागच्या गॅलरीत विजेची एक शेगडी आली. यांनीच आणली, तिच्याबरोबर एक कढई, एक पातेले आणि एक वेगळी विळी. घरात नाही, गॅलरीत. तेवढी सासूबाईंची मर्यादा आम्ही दोघांनीही पाळली आहे. बुधवारी मी सुरमई किंवा बांगडा आणते आणि गरम गरम, आधी, माझे माझे वाढून घेते. हे वर्तमानपत्र घेऊन गॅलरीतच खुर्ची टाकून बसतात. मात्र बोटीवरून आल्यापासून यांना एक सवय लागली आहे. बसण्याआधी बोट ओले करून वर धरतात, वारा कुठून येतो ते पाहतात, आणि मगच खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवतात.